हातानं काढलेलं विमान आणि लेझरची फाइल

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतले शिक्षक आज आलेत, पालक आहेत, मागच्या रांगेत मुलंही आहेत. सगळ्यांना झेपेल अशा बेतानं बोलायचं आम्ही ठरवलंय. विषय असा आहे की, कागदावर हातानं काढलेले मॉडेल विमानाचे भाग लेझर मशीनवर कापायचे असतील, तर त्यांची फाइल कशी करायची. ऐकायला हे सोपं वाटतं. स्कॅन करायचं, एक बटण दाबायचं, झालं. आम्हालाही तसंच वाटलं होतं. ते तसं नसतं, हे आम्हाला एका ग्लायडरनं शिकवलं. आज त्याच ग्लायडरच्या निमित्तानं बोलणार आहोत.

आपल्याकडे फेब्रुवारी उजाडला की शाळाशाळांत मॉडेलची धांदल सुरू होते. २८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन, आणि विज्ञान दिन म्हटलं की खोडद. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तिथे आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला आसपासच्या शाळांची मुलं आपापली मॉडेलं घेऊन जातात. या धांदलीतच आमच्या हातात एक जुना नकाशा आला.

आंबेगाव तालुक्यात एक निवृत्त कार्यानुभव शिक्षक आहेत. नाव सांगू नका म्हणालेत, म्हणून आपण त्यांना सर म्हणू. सरांनी नोकरीत असताना एक ग्लायडर काढला होता. दोन्ही पंख मिळून एक मीटर रुंदी, पंखाची मुळाशी रुंदी १५० मिलिमीटर, टोकाशी १२०. सगळं कार्ट्रिज पेपरवर, पेन्सिलीनं, गुनिया आणि फूटपट्टी घेऊन. कितीतरी वर्षं ते मुलांकडून हा ग्लायडर करून घेत होते. आता डोळे साथ देत नाहीत, हात थरथरतो. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटत आलाय, एका पावसाळ्यात एक कोपरा भिजून रेघा पुसट झाल्यात. दुसरी प्रत नाही. सर म्हणाले, "हे घ्या, पोरांच्या उपयोगी पडलं तर बघा."

आता हिशेब करा. या ग्लायडरच्या एका पंखात ८ रिब आहेत. रिब म्हणजे पंखाची फासळी. दोन्ही पंखांच्या मिळून १६. मुलांचे सहा गट केले तर ९६ रिब. ब्लेडनं बाल्सा कापून, पॉलिश पेपरनं घासून एवढ्या रिब करायच्या तर फेब्रुवारी उलटून जाईल. म्हणून लेझर.

लेझर आपल्याला परकं नाही. आंबेगावला लागूनच शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करता करता शिकायचं, हा त्यांचा आग्रह. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये नील गर्शनफेल्ड यांनी फॅब लॅबची कल्पना मांडली, म्हणजे संगणकावर काढलेली वस्तू तिथल्या तिथे तयार करून देणारी छोटी कार्यशाळा. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये सुरू झाली ती या पाबळमध्ये. शिवाय आता मोठ्या गावांत ट्रॉफ्या, नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानांतही लेझर कटर दिसतो. तेव्हा मशीन सापडतं. अडतं ते फाइलपाशी.

पेन्सिलीची रेघ काय सांगते

पेन्सिलीची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. सरांसारखा माणूस कापायला बसतो तेव्हा तो रेघेच्या बाहेरून कापतो आणि मग रेघेपर्यंत घासत आणतो. कुठे थांबायचं ते त्याच्या बोटांना माहीत असतं. खाच घट्ट झाली तर तो पॉलिश पेपर दोनदा फिरवतो, सैल झाली तर फेव्हिकॉल जरा जास्त लावतो. म्हणजे कागदावर अर्धीच माहिती असते, उरलेली करणाऱ्याच्या हातात असते.

लेझरला हात नाही. फाइलमधल्या रेघेला जाडी नसते. ती नुसती एक वाट असते आणि मशीन त्या वाटेनं जातं. रेघ चुकीची असेल तर तितक्याच इमानानं चुकीचं कापतं. तेव्हा करणारा माणूस जे निर्णय कापताना घ्यायचा, ते सगळे आपल्याला आधी, फाइल करतानाच घ्यावे लागतात. फाइल करणं म्हणजे हेच काम. बाकी बटणं कुणीही शिकेल.

पहिली पायरी: कागद संगणकात आणणं

मोबाइलनं फोटो काढू नका, हे पहिलं. फोटोत कागदाच्या कडा वाकतात, लांबची बाजू लहान दिसते. सपाट काचेचा स्कॅनर घ्या. ३०० डीपीआय पुरे. एका इंचात ३०० ठिपके म्हणजे एका मिलिमीटरमध्ये जवळजवळ १२ ठिपके. आपल्या पेन्सिलीच्या रेघेपेक्षा हे कितीतरी बारीक आहे. कागद आत ओढून घेणारा स्कॅनर असेल तर सावध राहा, तो लांबीच्या दिशेनं किंचित ताणतो किंवा आखडतो. आम्ही आधी तसाच वापरला. आडव्या दिशेला १०० मिलिमीटर बरोबर आले, उभ्या दिशेला ९९.२. एवढ्यानं काय होतंय म्हणाल, तर ५०० मिलिमीटरच्या पंखात ४ मिलिमीटर जातात.

म्हणून नकाशाशेजारी स्टीलच्या दोन फूटपट्ट्या काटकोनात ठेवून स्कॅन करा. एक आडवी, एक उभी. संगणकात चित्र घेतलं की दोन्ही दिशांना पट्टीवरचे १०० मिलिमीटर खरोखर १०० येतात का ते बघा, नाहीतर चित्र तेवढं ताणून घ्या. नकाशा ए-फोरपेक्षा मोठा असेल तर तुकड्यांत स्कॅन करायचा, पण प्रत्येक तुकड्यात शेजारच्याचा चार बोटं भाग यायला हवा आणि जुळवायला अधिकच्या खुणा हव्यात. जुन्या कागदावर पेननं खुणा करू नका. बारीक चिकटपट्टीचे तुकडे लावा.

तरी एक गोष्ट राहते. कागद स्वतःच बदलतो. दमट हवेत फुगतो, सुकल्यावर आखडतो, आणि दोन्ही दिशांना सारखा नाही. सरांचा कागद तर भिजून सुकलेला. अशा वेळी नकाशावर आकड्यात लिहिलेलं माप खरं मानायचं. सरांनी पंखाखाली ५०० लिहिलंय ना, मग कागदावर पट्टीनं ४९७ भरले तरी ५००च धरायचं.

दुसरी पायरी: रेघ पुन्हा काढणं

यासाठी आम्ही इंकस्केप वापरतो. फुकट आहे, साध्या संगणकावर चालतं. स्कॅन केलेलं चित्र एका लेयरवर ठेवून त्याला कुलूप लावायचं, आणि वरच्या लेयरवर आपली रेघ काढायची.

इथे सगळ्यांना एक बटण खुणावतं. चित्रावरून आपोआप रेघा करून देणारं. आम्हीही ते दाबलं. झालं काय, की संगणकाला पेन्सिलीची रेघ ही रेघ वाटतच नाही. तो तिला काळा पट्टा समजतो आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना रेघ देतो. एका रेघेच्या दोन रेघा. लेझर दोन्हीवरून फिरतो, दोन्हींमधली बाल्साची चिमूट जळून जाते. वरून कागदाचा प्रत्येक खरखरीतपणा म्हणजे एक वळण. एका रिबवर आम्ही शेकडो बिंदू मोजले. मशीन त्यावरून अडखळत गेलं आणि कड करवतीसारखी निघाली. रेघेच्या मधोमध जाणारी एकच वाट काढणारी सोयही इंकस्केपमध्ये आहे, पण कोपरे आणि खाचा ती गोलसर करते.

तेव्हा हातानंच काढा. बेझिए टूल घ्या. रिबच्या वरच्या कमानीला चारपाच बिंदू पुरतात, आणि जितके बिंदू कमी तितकी कमान गुळगुळीत. सरांनी रिबला क्लार्क वाय हा आकार घेतला होता. व्हर्जिनियस क्लार्क या अमेरिकन अभियंत्यानं १९२२ मध्ये केलेला हा आकार मॉडेलवाल्यांचा लाडका आहे, कारण त्याची खालची बाजू बरीचशी सपाट असते आणि पंख टेबलावर ठेवून जोडता येतो. त्याची जाडी रुंदीच्या ११.७ टक्के. म्हणजे १५० मिलिमीटरच्या रिबला साडेसतरा मिलिमीटर. असा आकडा माहीत असेल तर पुसट झालेली रेघ ताडून बघता येते. भिजलेल्या कोपऱ्यातली रिब आम्हाला अशीच परत मिळाली.

रिबच्या आकाराची एवढी काळजी का? तर पंखावर शेवटी पातळ कागद ताणून बसतो आणि त्या कागदाला स्वतःचा आकार नसतो, रिब देतील तो त्याचा आकार. खोडदची तबकडी जवळून बघितलीत तर हेच दिसेल. तिथे पत्र्याची भरीव परात नाही. सांगाड्यावर तारा ताणल्यात आणि त्यांवर जाळी बसवलीय. आकार सांगाड्यातून आणि ताणातून येतो, म्हणून ती एवढी मोठी असून तुलनेनं हलकी झाली. आपल्या पंखाचंही तसंच आहे. रिब एक मिलिमीटर उंच राहिली तर कागदावर तिथे उंचवटा येणारच.

धडाच्या आडव्या चौकटी काढताना अर्धीच बाजू काढा आणि आरशासारखी उलटवून जोडा. हातानं काढलेल्या चित्राच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. मग दोन गोष्टी तपासा. प्रत्येक आकार बंद आहे का? आणि एकावर एक दोन रेघा पडल्यात का? पडल्या असतील तर मशीन तिथे दोनदा जाळतं.

तिसरी पायरी: लाकूड मोजणं

शिंपी कापड बेततो तेव्हा शिवणीसाठी माया सोडतो. तसं लेझरलाही द्यावं लागतं. करवत जसा भुसा पाडते, तसा लेझर वाटेतलं लाकूड जाळून टाकतो. या जळालेल्या फटीला कर्फ म्हणतात. दोनतीन मिलिमीटरच्या बाल्सात किंवा प्लायमध्ये ती बहुधा ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते, पण प्रत्येक मशीन आणि प्रत्येक लाकूड वेगळं. तेव्हा मोजायची.

मोजायची रीत सोपी आहे. १०० मिलिमीटर लांबीची पट्टी काढा, तिचे १०-१० मिलिमीटरचे दहा तुकडे पाडा. कापून झाल्यावर दहाही तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवा आणि वर्निअर कॅलिपरनं लांबी मोजा. ९८.५ भरली तर दीड मिलिमीटर जळालं. दहा तुकडे, म्हणजे प्रत्येकी ०.१५. हाच कर्फ.

आता याचा उपयोग कुठे? स्पारच्या खाचेत. स्पार म्हणजे सगळ्या रिबमधून आरपार जाणारी लांब काठी. सरांच्या नकाशात ती ३ मिलिमीटरची. आम्ही खाच ३ मिलिमीटरची काढली. कापल्यावर ती ३.१५ झाली. आणि बाजारातून आणलेली ३ मिलिमीटरची काठी कॅलिपरमध्ये भरली २.९. पाव मिलिमीटरचा ढिलेपणा, आठही रिबमध्ये. रिब काठीवर डुगडुगायला लागल्या. बरोबर हिशेब असा: काठी २.९, त्यातून कर्फ ०.१५ वजा, म्हणजे फाइलमध्ये खाच २.७५ ची. बाहेरच्या रेघेचं उलटं. ती निम्म्या कर्फनं, म्हणजे ०.०७५ मिलिमीटरनं बाहेर सरकवायची, नाहीतर भाग तेवढा लहान निघतो.

यातूनच एक सापळा तयार होतो. एखाद्या मुलाला वाटतं, हाच ग्लायडर दीडपट मोठा करू. संगणकात एका ओढीत होतं. पण त्याबरोबर खाचही दीडपट होते आणि काठी मात्र ३ मिलिमीटरचीच राहते. म्हणून आकार मोठा-लहान केला की सगळ्या खाचा नव्यानं काढायच्या. मुळापासून टोकापर्यंत लहान होत जाणाऱ्या रिबमध्येही हेच. बाहेरचा आकार बदलतो, खाच सगळीकडे तीच राहते.

ग्लायडर का पडला

एवढं सगळं शिकून आम्ही दुसऱ्यांदा कापलं. या वेळी रिब काठीवर अशा बसल्या की मुलं टाळ्या वाजवायला लागली. पंख जोडला, कागद चढवला, नाकात वजन घालून तोल साधला आणि मैदानावर गेलो. फेकला. दहा-बारा पावलं छान गेला, वेग जरा मंदावला, आणि एक पंख टाकून गर्रकन खाली आला. पुन्हा फेकला, पुन्हा तेच. कधी डावा पंख, कधी उजवा.

आम्ही तोल बदलला, शेपटी वाकवून बघितली. काही उपयोग नाही. शेवटी ग्लायडर घेऊन सरांकडे गेलो. सरांनी तो हातात घेतला, डोळ्यांसमोर धरून टोकाकडून मुळाकडे पंख न्याहाळला आणि विचारलं, "पट्टी ठेवली नव्हती का?"

कसली पट्टी?

सरांनी नकाशा मागितला. पंखाच्या टोकाशी, मागच्या कडेला, एक अर्ध्या इंचाची आडवी रेघ होती आणि तिच्याजवळ बारीक ३. स्कॅन साफ करताना पेन्सिलीचे डाग, बोटांचे ठसे, चहाचा गोल डाग असं सगळं आम्ही पुसलं होतं. त्यात ही रेघही पुसली होती. आम्हाला ती चुकून ओढली गेलेली वाटली.

ती रेघ म्हणजे एक सूचना होती. पंख टेबलावर जोडताना टोकाशी मागच्या कडेखाली ३ मिलिमीटरची पट्टी सरकवायची आणि तशीच ठेवून फेव्हिकॉल वाळू द्यायचा. त्यानं पंखाला हलका पीळ बसतो. टोकाची मागची कड ३ मिलिमीटर वर राहते. १२० मिलिमीटर रुंदीवर हा साधारण दीड अंश होतो. वेग कमी झाला की हवा पंखाला धरेनाशी होते. पीळ असला की टोक थोडं खाली झुकलेल्या कोनात असतं, त्यामुळे हवा आधी मुळाशी सुटते आणि टोकं शेवटपर्यंत तरंगत राहतात. नाक हळूच खाली येतं, ग्लायडर वेग घेतो आणि सावरतो. पीळ नसेल तर एखादं टोक आधी सुटतं आणि तो पंख पडतो. आम्ही जे मैदानावर बघितलं ते हेच.

मंडळी, सर आणखी वर्षभरानं भेटले असते, किंवा भेटलेच नसते, तर? कागद आमच्याकडे, त्याचं स्कॅन आमच्याकडे, मापं दशांशापर्यंत बरोबर, आणि तरी ग्लायडर गेलेला. त्या दिवशी आम्ही नियम केला. नकाशावरची कुठलीही खूण पुसण्याआधी ज्यानं काढली त्याला विचारायचं. तो नसेल तर ज्यानं त्यावरून काही केलंय त्याला. तोही नसेल तर खूण पुसायचीच नाही, वेगळ्या लेयरवर तशीच ठेवायची. आम्ही पुन्हा सरांसमोर बसलो, एकेका खुणेवर बोट ठेवून विचारत गेलो आणि बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. रिबवरचे बाण लाकडाच्या रेषेची दिशा दाखवत होते. बाल्साची रेषा रिबच्या लांबीतच हवी, आडवी आली तर रिब बोटानं मोडते. आम्ही जागा वाचवायला काही रिब शीटवर आडव्या लावल्या होत्या. तेही कळलं.

मग ती पट्टी फाइलमध्ये कशी घालायची? आम्ही प्रत्येक रिबच्या पोटाला दोन छोटे पाय काढले. पुढचा पाय सगळ्या रिबना ५ मिलिमीटरचा. मागचा पाय मुळाशी ५ आणि टोकाशी ८, मधल्या रिबना क्रमानं वाढत जाणारा. आता मुलं रिब पायांवर टेबलावर उभ्या करतात, स्पार बसवतात, आणि पीळ आपोआप पंखात येतो. वाळल्यावर पाय ब्लेडनं कापून टाकायचे. पट्टी ठेवायला विसरायची सोयच उरली नाही. पुढच्या वेळी ग्लायडर फेकला तो मैदानाच्या कुंपणापर्यंत गेला.

मशीनपाशी जाताना

आता चार गोष्टी व्यवहाराच्या. फाइल नेताना आकार बदलतो, ही नेहमीची तक्रार. डीएक्सएफ फाइलमध्ये पुष्कळदा नुसते आकडे असतात, मिलिमीटर की इंच ते नसतं. मशीननं इंच धरले तर तुमची १५० ची रिब पावणेचार मीटरहून लांब होते. ते निदान लगेच दिसतं. एसव्हीजीमधली चूक लवकर दिसत नाही. जुन्या इंकस्केपमध्ये एका इंचाला ९० पिक्सेल होते, २०१७ च्या ०.९२ आवृत्तीपासून ९६ झाले. जुनी फाइल नवीन हिशेबानं उघडली तर १५० ची रिब १४०.६ ची होते आणि दिसायला अगदी बरोबर वाटते. म्हणून प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा चौकोन काढून ठेवा आणि मशीनवर आधी तो मोजा. त्याआधी कागदावर मूळ मापात प्रिंट काढून ती जुन्या नकाशावर ठेवा आणि खिडकीच्या काचेवर धरून बघा. मग पुठ्ठ्यावर कापा. बाल्सा शेवटी.

भागांवर क्रमांक आणि नावं मराठीत कोरा, पण अक्षरांचं आधी आकारात रूपांतर करा. दुकानातल्या संगणकावर तुमचा फाँट नसेल तर जोडाक्षरं फुटतात. आतल्या खाचा आधी आणि बाहेरची कड शेवटी कापली जाईल असा क्रम लावा. बाहेरची कड आधी सुटली तर तुकडा हलतो आणि खाच वाकडी पडते. कडेवरचा काळा थर जोडण्याआधी हलक्या हातानं पुसून-घासून घ्या, त्यावर फेव्हिकॉल नीट धरत नाही.

आणि हे शिक्षकांनी लिहून घ्या. आपल्याकडे मॉडेलसाठी सनबोर्ड सर्रास वापरतात. त्या नावानं मिळणारा पुष्कळसा बोर्ड पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी लेझरखाली कधीही घालायचा नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसांना घातक असतो आणि मशीनही गंजवतो. थर्माकोल वितळतो आणि पेट घेतो. बाल्सा, प्लाय, पुठ्ठा चालतो, तोही मशीनपासून न हलता.

शेवटी, मघाशी एका ताईंनी विचारलं की सगळं मशीननंच कापलं, तर मुलांच्या हाताला काय राहिलं? हा प्रश्न आम्हालाही पडला होता. म्हणून आम्ही असं करतो. प्रत्येक गट पहिली रिब हातानंच करतो. सरांच्या नकाशावरून उतरवायची, ब्लेडनं कापायची, घासायची. ती वाकडी होते, खाच सैल होते. मग तीच मुलं संगणकावर बसतात, तेव्हा ०.०७५ म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. उरलेल्या पंधरा रिब मशीन कापतं. जोडणं, कागद चढवणं, तोल साधणं आणि मैदानावर पळणं मुलांकडेच राहतं.

तुमच्या घरी, शाळेच्या कपाटात, कुणा सुताराकडे किंवा जुन्या मास्तरांकडे असे कागद असतील. या सुट्टीत ते बाहेर काढा. स्कॅन करायला आम्ही आहोत. पण ज्यांनी ते काढले त्यांच्याशेजारी आधी तासभर बसून घ्या.